कॅमेऱ्यापुढचा नमस्कार

"तात्या, ती टोपी काढावी लागेल," देवव्रत म्हणाला.

आमच्या बैठकीच्या खोलीत, तात्यांची जीप चालवणाऱ्या अल्लाबक्षचाचांनी चहाची बशी तोंडाशी नेली होती, ती तिथेच थांबली. तात्यांनी आधी त्या पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग टोपी डोक्यावर आहे ना हे हाताने चाचपून बघितलं.

"का रे बाबा?"

"सावली पडते कपाळावर. डोळे दिसत नाहीत. आणि डोळे दिसले नाहीत की माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं."

"या टोपीवर चार निवडणुका लढलोय मी. माझे डोळे कसे आहेत ते लोकांना ठाऊक आहे."

"लोकांना आहे, तात्या. कॅमेऱ्याला नाही."

हा देवव्रत पक्षाने मुंबईहून पाठवला होता. उमेदवारांची प्रतिमा सुधारणं हा म्हणे त्याचा धंदा. वय माझ्या धाकट्या दिरापेक्षाही कमी, दाढी कोरलेली, आणि आल्यापासून त्याने एकाही माणसाला "कुठल्या गावचे तुम्ही" असं विचारलं नव्हतं. तालुका बघायचा नाही, माणसं बघायची नाहीत, आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या. पण पक्षाचा माणूस, त्यामुळे त्याला रोज साजूक तुपातला शिरा करून घालायची वेळ माझ्यावर आली होती.

मी शालन, तात्यांची थोरली. बायका माहेरी बाळंतपणाला येतात, मी निवडणुकीला यायचे. आई गेल्यापासून घरातली पंगत आणि बाहेरचा प्रचार दोन्ही माझ्याकडे. तात्या म्हणजे त्र्यंबक मोहोळकर, सोनवड तालुक्याचे आमदार. त्या वेळी त्यांची ती शेवटची निवडणूक होती, आणि ती ते स्वतःसाठी लढत नव्हते. खुर्चीचा कंटाळा आला होता त्यांना. ते लढत होते एसटीच्या आगारासाठी.

हसू नका. आमचं आगार गावाच्या मधोमध होतं, कॉलेजला अगदी चिकटून. वाड्यावस्त्यांवरच्या पोरी सकाळच्या गाडीने यायच्या, उतरल्या की कॉलेजच्या फाटकात, आणि दुपारी त्याच गाडीने परत. आईबापांना घोर नाही. आता ही जागा सोन्याची झाली होती, म्हणून आगार टेकडीपलीकडे माळावर न्यायचं आणि इथे दुकानांची इमारत उठवायची असं घाटत होतं. घाटवणारे होते पतसंस्थेचे चेअरमन कोरडे, आणि त्यांचा मुलगा जयदीप तात्यांच्या विरोधात उभा होता. आगार माळावर गेलं की पोरी घरी बसणार. तिथून कॉलेजपर्यंत रोज रिक्षा कोण लावून देणार होतं त्यांना? तात्या निवडून आले तर आगार राहणार, पडले तर जाणार. एवढी सरळ गोष्ट होती.

तात्यांचा प्रचारही सरळ होता. सकाळी अल्लाबक्षचाचांच्या जीपमध्ये बसायचं, गावोगावी उतरायचं, पाराखाली बोलायचं, शेवटी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पाया पडायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. पण त्या साली एका बातम्यांच्या चॅनलने नवीनच टूम काढली. 'भर चौकात' म्हणून कार्यक्रम. तालुक्याच्या गावी मांडव घालायचा, दोन उमेदवार समोरासमोर बसवायचे, मध्ये एक कोटवाला उभा करायचा, आणि दोघांची झुंज सगळ्या महाराष्ट्राला दाखवायची. जो येणार नाही तो घाबरला. म्हणजे कोंबड्यांच्या झुंजीत आणि यात फरक एवढाच की कोंबड्यांना कुणी पावडर लावत नाही.

तात्यांना मात्र चेव आला होता. "येऊ दे की," म्हणाले. "समोर बसला की सोलून काढतो. आगाराच्या जागेवर दुकानं कोण बांधणार, हे एकदा त्याच्या तोंडून वदवून घेतलं की झालं."

भाषणाचा फार अभिमान होता त्यांना. एकदा जत्रेत ते बोलायला उभे राहिले आणि कुस्त्या लांबल्या, हे घरात वरचेवर सांगितलं जायचं.

"तात्या, उत्तराला एक मिनिट असतं," देवव्रत म्हणाला. "मिनिट झालं की घंटी वाजते."

"एका मिनिटात काय बोलणार? माझं खाकरणंच तेवढं चालतं."

"आणि हसा थोडं."

"कशाला? आगार चाललंय आमचं."

शेवटी टोपी काढलीच. देवव्रतने त्यांना फिकट निळं जाकीट घातलं, डोक्यावर उरलेले केस पाण्याने चापून बसवले, आणि गालांना काहीतरी फासलं. तात्या आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "शालन, मी लग्नातला फोटोग्राफर दिसतोय गं." मला हसू आलं आणि रडूही. दारात जीप पुसत असलेल्या चाचांनी त्यांना पाहिलं आणि अदबीने विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" तात्या भडकले. चाचा मुद्दाम म्हणाले की खरंच, हे मी त्यांना पुढेही कधी विचारलं नाही.

कार्यक्रम कॉलेजच्या मैदानावर होता. ऊन उतरलेलं. मांडव असा भरलेला की मुलं झाडांवर बसली होती. उमेदवारांना बसायला वर्गखोल्या दिल्या होत्या, एक आम्हाला, पलीकडची जयदीपला. मधल्या दाराची काच फुटकी होती. मी पाणी आणायला निघाले तर त्या काचेतून पलीकडचं दिसलं.

जयदीप कोरडे एका रिकाम्या खुर्चीसमोर वाकत होता. वाकायचा, उठायचा, परत वाकायचा. शेजारी काळा टी-शर्ट घातलेला एक पोरगा हातवारे करत होता. "अजून खाली, दादा. आणि मान जरा डावीकडे." जयदीपने मान डावीकडे केली.

मी येऊन तात्यांना सांगितलं, "त्याची कंबर धरलेली दिसतेय. व्यायाम चाललाय."

"रात्रंदिवस एसीत बसतो तो. धरणारच," तात्या म्हणाले. त्यांना बरं वाटलं.

हा जयदीप म्हणजे काय चीज होता तेही सांगते. वर्षानुवर्षं लग्नाकार्यात तात्यांच्या समोरून जायचा, पण कधी साधा हात जोडला नाही त्याने. प्रचारातल्या त्याच्या सगळ्या सभांचा शेवट एकच, "या म्हाताऱ्याला आता घरी बसवा." तात्यांचं नावही घ्यायचा नाही. म्हातारा, बस्स.

कार्यक्रम सुरू झाला. कोटवाला निवेदक उकाड्याने आतून भिजला होता आणि वरून चकाकत होता. त्याने पहिला प्रश्न टाकला, "त्र्यंबकजी, इतकी वर्षं आमदार आहात, तालुक्याचा विकास झाला का?"

आमच्या गावात कुणी कुणाला जी लावत नाही. तात्यांना आधी कळलंच नाही की हे आपल्याला आहे. मग ते उभे राहिले. बसून बोलायचं होतं, तरी उभे राहिले. दोन्ही हात जोडले आणि सुरू केलं.

"ग्रामदैवत श्री सोनेश्वराला वंदन करून, व्यासपीठावर उपस्थित सन्माननीय जयदीपराव कोरडे, समोर बसलेले माजी सभापती नानासाहेब, गुरुवर्य चौगुले मास्तर, आपल्या मार्केट कमिटीचे बापू, पैगंबरवासी इब्राहिमभाईंचे चिरंजीव..."

मी कपाळाला हात लावला. तात्यांची ही जुनी रीत. सभेत एकाचं नाव राहिलं तर तो माणूस पुढची पाच वर्षं लग्नपत्रिका पाठवत नाही, असं ते म्हणायचे, आणि ते खरंही होतं. म्हणून कुणाला सोडायचे नाहीत. पुढची रांग संपवून ते दुसऱ्या रांगेवर आले, महिला मंडळाच्या अध्यक्षांचं नाव घेतलं आणि घंटी वाजली.

"धन्यवाद, त्र्यंबकजी," कोटवाला म्हणाला.

"अहो, अजून मी बोललोच नाही."

"वेळ संपली, सर."

मांडवात हशा पिकला. देवव्रत माझ्या शेजारी उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले. ज्यांची नावं घेऊन झाली होती तेवढेच लोक समाधानाने बसले होते.

जयदीपने मात्र बसल्या जागी, मोजकं हसत, कॅमेऱ्याकडे बघत उत्तर दिलं. "मला फक्त दोन शब्द सांगायचेत. स्वप्न आणि संधी." बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण घंटी वाजायच्या आत वाढून मोकळा झाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याही लोकांनी वाजवल्या. नंतर विचारलं तर म्हणाले, "सगळे वाजवत होते, ताई."

पण दुसऱ्या प्रश्नाला तात्या सावरले. प्रश्न आगाराचाच होता. या वेळी ते खाली बसले, वंदन नाही, सन्माननीय नाही.

"आगार माळावर गेलं तर आपल्या पोरींचं शिक्षण संपलं," म्हणाले. "सकाळच्या गाडीने येणाऱ्या पोरी मागे उभ्या आहेत, त्यांना विचारा. बाप रोज रिक्षा लावून देईल का, विचारा. आणि जयदीपरावांना मी एकच विचारतो. आगार हलल्यावर त्या जागेवर दुकानं कोण बांधणार? ज्याच्या नावाने कागद तयार आहेत, तो माणूस तुमचा कोण लागतो? इथे, सगळ्यांसमोर सांगा."

घंटी वाजली नाही. वेळ शिल्लक होता. मागे उभ्या असलेल्या पोरींनी असा काही कल्ला केला की मांडवाचं कापड हललं. मी देवव्रतकडे पाहिलं, तर त्याच्या तोंडाचा आ झाला होता. जयदीपने कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या काळ्या टी-शर्टकडे बघितलं. त्या पोराने मान हलवली.

जयदीप उठला. व्यासपीठ ओलांडून तात्यांच्या समोर आला.

"तात्या," म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडी तो शब्द मी ऐकला. "तुम्ही माझ्या आजोबांच्या ठिकाणी. मी तुमच्याशी वाद कसा घालू? माझ्यावरचे संस्कार मला तसं करू देत नाहीत. मला फक्त तुमचा आशीर्वाद हवाय."

आणि वाकला. दोन्ही हात तात्यांच्या पायांवर, कपाळ पार गुडघ्यापर्यंत, मान जरा डावीकडे.

आता आमच्याकडे पायाशी कुणी वाकलं की हात उठतोच. त्याला विचार लागत नाही, शिंक आल्यासारखं असतं ते. चोर वाकला तरी उठतो. तात्यांचा हात उठला, जयदीपच्या डोक्यावर टेकला, आणि तात्या म्हणाले, "यशस्वी हो, बाळा."

त्यांच्या जाकिटाला तो बोटाएवढा माइक टोचलेला होता. सगळ्या महाराष्ट्राने स्वच्छ ऐकलं.

कोटवाल्याचा आवाज भरून आला. काय तो गहिवर, स्वतःच्या आईच्या बाराव्याला आला नसेल. "महाराष्ट्राच्या सुसंस्कृत राजकारणाचं हे दर्शन," म्हणाला, "कुठेही जाऊ नका," म्हणाला, आणि साबणाची जाहिरात लागली. जाहिरात संपल्यावर तिसरा प्रश्न पर्यटनाचा होता. आगाराचं उत्तर कुणी मागितलंच नाही. तात्या दोनदा म्हणाले, "माझ्या प्रश्नाचं काय झालं?" कोटवाला म्हणाला, "त्र्यंबकजी, तो विषय झाला."

जीपमध्ये बसल्यावर मी विचारलं, "तात्या, असं कसं बोललात?"

"काय बोललो?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्हाला ते विसरायची सोय राहिली नाही. तेव्हा फोनवर चित्रं बघायची साथ यायची होती, पण गावात केबल होती, आणि केबलवाला कोरड्यांच्या जवळचा. दर तासाला तेच. वाकणारा जयदीप, उठणारा हात, "यशस्वी हो, बाळा." मग रिक्षांवर कर्णे लागले आणि त्यातून तात्यांचाच आवाज, "यशस्वी हो, बाळा," आणि मागून बाई सांगायची, "तात्यांचा आशीर्वाद, जयदीपदादांना मत." आमची जीप एका गल्लीतून जायची आणि त्यांची रिक्षा दुसऱ्या. दोन्हींवर तात्याच बोलत असायचे. जीपवरचे तात्या आगाराबद्दल बोलायचे, ते कुणाला ऐकू जायचं नाही.

काळ्या टी-शर्टवाल्याचा हिशेब पक्का होता, हे मान्य करते. त्याला आमचा तालुका माहीत नव्हता, पण आमच्या हाताची सवय माहीत होती. आमचा तो शहाणा टोपीची सावली मोजत बसला.

तरी मला वाटायचं, शहरगावातले लोक भुलतील, वाड्यावस्त्यांवर तात्यांना कोण सोडणार? मी आणि चाचा वरच्या वाडीला गेलो. तिथे हौसाबाई म्हणून एक म्हातारी. तिच्या नातीला कॉलेजात तात्यांनीच घातलं होतं, रोज सकाळच्या गाडीला ती नात असायची. हौसाबाईने आम्हाला बसायला घोंगडं टाकलं, गुळाचा खडा दिला.

"या वेळी कुणाला, मावशी?" मी विचारलं. उगाच विचारायचं म्हणून.

"त्या चेअरमनच्या पोराला की."

चाचा पाणी पिता पिता थांबले. मी म्हटलं, "मावशी, अहो, तात्या उभे आहेत."

"ठावं हाय की मला. पर तात्यांनीच आशीर्वाद दिला नव्हं त्याला? समद्या वाडीनं बघितलं." ती माझ्याकडे अशी बघत होती की मलाच काही कळत नाही. "आता आम्ही त्याला पाडला, तर तात्यांचा शब्द खोटा पडंल. आजवर तात्यांचा शब्द आम्ही कधी खोटा पडू दिला न्हाय."

"अहो, पण तुमची नात..."

"तात्यांनी इचार केल्याबिगर का दिला असंल?"

परतताना चाचांनी जीप ओढ्याकाठी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसले. म्हणाले, "शालनताई, शिव्या देणाऱ्यांना मी पुरून उरलो असतो. या म्हातारीला काय सांगू?" मला त्या म्हातारीचा राग आला होता आणि तिच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

घरी आले ती तात्यांवर तुटून पडले. "उद्याच्या उद्या केबलवर जा आणि सांगा, तो नुसता रिवाज होता म्हणून. आम्ही गावोगाव फिरून घसे कोरडे करतोय आणि तुमचाच आवाज तुम्हाला पाडतोय."

देवव्रतला एकदम अंगात आलं. "मस्त कल्पना आहे. आपण एक छोटी फिल्म करू. तात्या सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणतील, मी माझा आशीर्वाद मागे घेतो."

तात्यांनी टोपी परत घातली होती. कार्यक्रमानंतर त्यांनी ती काढली नाही, देवव्रतने विचारायची हिंमतही केली नाही. ते शांतपणे म्हणाले, "आशीर्वाद काय उमेदवारी अर्ज आहे मागे घ्यायला?"

"मग द्यायचा कशाला?" मी ओरडले. "लोक 'असू दे, असू दे' म्हणतात, तसं म्हणता आलं नाही? तो ठरवून वाकला होता. मी डोळ्यांनी पाहिलंय, रिकाम्या खुर्चीपुढे सराव करत होता. कंबर धरली नव्हती त्याची."

हे ऐकून तात्या जरा हलले. खूप वेळ हातातल्या काठीने फरशीवरची रेघ गिरवत बसले.

"शालन, मी दर निवडणुकीला गावोगाव म्हाताऱ्यांच्या पाया पडतो. मी तरी कशासाठी पडतो? मतासाठीच ना? पण मला कुणी आशीर्वाद नाकारला नाही. ज्यांनी जन्मात मत दिलं नाही, त्यांनीही नाही नाकारला. आता माझ्यावर पाळी आली तर मी कसा नाकारू?"

"ते लोक निवडणुकीला उभे नसतात, तात्या."

"ते खरं," ते म्हणाले. "पण माझा हात गेला. आता काय करू?"

असल्या चांगुलपणाला जाळायचंय का, असं मी म्हणाले, आणि भाकरी थापायला आत निघून गेले. आजही मला वाटतं की मी बरोबर होते. आणि त्यांनी केबलवर जाऊन हात झटकले असते तर मला ते आवडलं नसतं, हेही तितकंच खरं आहे.

निकाल लागला. तात्या पडले. वरच्या वाडीने तात्यांचा शब्द राखला, झाडून सगळ्यांनी जयदीपला मतं दिली. देवव्रत निकालाआधीच दुसऱ्या उमेदवाराची प्रतिमा सुधारायला गेला होता, शिऱ्याचं कौतुक करून.

दुपारी गल्लीत ताशे वाजायला लागले. चाचा धावत आले. "तो येतोय. आपल्या घरी. कॅमेरा घेऊन."

मी दाराला कडी घालायला निघाले. तात्या खुर्चीतून म्हणाले, "उघडं ठेव दार. आलेल्या माणसाला परत लावायची पद्धत नाही आपली."

"तो माणूस म्हणून येत नाहीये."

"येऊ दे गं."

आधी आला काळा टी-शर्ट. त्याने न विचारता खुर्ची तात्यांसकट खिडकीकडे वळवली, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "ताई, जरा फ्रेमच्या बाहेर." माझ्या बापाच्या घरात. मग चॅनलचा कॅमेरावाला, मग माइक धरलेली मुलगी, आणि शेवटी हारांनी मढलेला जयदीप. गुलालाने तोंड असं माखलेलं की डोळे तेवढे दिसत होते. देवव्रतने पाहिलं असतं तर खूश झाला असता.

जयदीप वाकला, पायाला हात लावला, उठला.

"दादा, अजून एकदा," कॅमेरावाला म्हणाला. "हार मध्ये आला, चेहरा दिसला नाही."

जयदीप परत वाकला. तात्यांचा हात उठला आणि त्याच्या डोक्यावर टेकला. टेकला तो टेकलाच. जयदीप उठायला गेला, पण पंजा मागे मानेवर सरकला होता. तात्या तरुणपणी तालमीत होते, हे मला त्या क्षणापर्यंत ऐकून माहीत होतं.

"थांब," तात्या म्हणाले. "आशीर्वाद व्हायचाय अजून. आशीर्वाद होईपर्यंत उठू नये."

माइकवाली मुलगी माइक घेऊन पुढे सरकली. तिला वाटलं काहीतरी हृद्य येणार.

"आगार हलवणार नाहीस ना?"

"तात्या, त्या विषयावर आपण एकदा शांतपणे बसून..."

"मी बसलेलोच आहे. तू वाकलेला आहेस. बोल."

बाहेर ताशे थांबले होते, दारात चेअरमन स्वतः उभे होते आणि त्यांच्या मागे अर्धी गल्ली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला होता. काळ्या टी-शर्टने एक पाऊल पुढे टाकलं, तर अल्लाबक्षचाचा सहज म्हणून त्याच्या आड येऊन उभे राहिले. या प्रकाराची तालीम रिकाम्या खुर्चीपुढे झालेली नव्हती.

"नाही हलवणार," जयदीप जमिनीकडे बघत म्हणाला.

"मोठ्याने. मला कमी ऐकू येतं."

तात्यांचे कान खणखणीत होते.

"आगार हलवणार नाही, तात्या. शब्द देतो."

"यशस्वी हो, बाळा," तात्या म्हणाले आणि हात काढून घेतला.

जयदीप उठला तेव्हा गुलालाखालीही लाल झालेला कळत होता. पेढा न घेताच गेला. चाचा भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे गदागदा हलत होते. मी कॅलेंडर छातीशी धरून तशीच उभी. किती दिवसांचं जळणं एकदम विझल्यासारखं झालं. तात्या मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "शालन, हे टीव्हीचं काम आता जमायला लागलं मला."

मी गल्लीभर सांगत सुटले. बायकांना बोलावलं, सतरंजी टाकली, चहाचं मोठं पातेलं चढवलं. चाचा तर वरच्या वाडीला जीप नेऊन हौसाबाईला आणि तिच्या नातीला घेऊन आले. हौसाबाई तात्यांना म्हणाली, "बघा, आमी तुमचा शब्द राखला, आता तो तुमचा राखंल." निवडणूक हरलेलं घर असं भरलेलं कुणी पाहिलं नसेल.

ते आगार पुढे वर्षभरातच माळावर गेलं. त्या जागेवर दुकानं झाली, चेअरमनच्या मेव्हण्याने बांधली. हौसाबाईची नात घरी बसली आणि मग तिचं लग्न झालं. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं, की जयदीपने शब्द दिला होता, आमच्या घरात, कॅमेऱ्यापुढे, आम्ही सगळे होतो. लोक म्हणायचे, असेल, पण टीव्हीवर तर नव्हतं. जे समोर उभे होते, त्यातलेही काही जण पुढे असंच म्हणायला लागले.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्हाला काही माहीत नव्हतं. सातच्या बातम्या लागल्या. सतरंजीवर बसलेल्या बायकांनी पोरांना गप्प केलं. कोटवालाच होता. "विजयानंतरही पाय जमिनीवर," म्हणाला, आणि आमची बैठकीची खोली पडद्यावर आली. खिडकीतला उजेड, तात्या, त्यांच्या पायाशी जयदीप. तात्यांचा हात त्याच्या डोक्यावर, किती तरी वेळ. चित्र मुद्दाम संथ केलं होतं, त्यामुळे मानेवरचा तो पंजा मायेचा दिसत होता. तात्यांचे ओठ हलले. मग जयदीपचे हलले. बोलणं ऐकू येत नव्हतं, बासरी वाजत होती.

तात्या खुर्चीत पुढे सरकले.

"आवाज वाढव गं," म्हणाले.

मी वाढवला. बासरी मोठी झाली.